बाण एक्झॉस्टकडे

ओलाफ्सफ्योर्दुरला डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवा लागतो.
शेडमध्ये आम्ही दोघं, एक हीटर,
आणि बाकावर ह्लिनुरच्या स्नोमोबाइलचं उघडं इंजिन.

एप्रिलपासून ताडपत्रीखाली होतं.
वर खिंडीच्या तोंडाशी, फुल बूस्टवर असताना बसलं,
आणि माझा भाऊ कमरेएवढ्या बर्फातून सहा तास चालत खाली आला.
दारातच म्हणाला, तुमचं टर्बोचं गणित चुकलं.
बाबा म्हणाले, तुझा अंगठा थ्रॉटलवरून उठत नाही.
मग तो ट्रॉलरवर गेला
आणि ही दोन वाक्यं घरात राहायला आली.

हेड निघालं. सिलिंडर वर ओढला
तसा दुसरा पिस्टन समोर आला,
एक्झॉस्टच्या अंगाला खचलेला,
वाऱ्यात मेणबत्ती एकाच बाजूनं झडते तसा.
मधोमध करंगळीचं टोक जाईल एवढं भोक.
मी घालून पाहिलं. जातं.

सिलिंडर परदेशी गेला नव्या मुलाम्यासाठी,
पाच आठवड्यांनी आला, आत तिरप्या रेघांची बारीक जाळी.
नवे पिस्टन डब्यात तसेच.
बाबांचा नियम एकच:
का जळला ते कळल्याशिवाय नवा बसवायचा नाही,
नाहीतर हाही त्याच वाटेनं जातो.

टर्बोचे पाइप तपासले, क्लॅम्प तपासले,
साबणाचं पाणी लावून हवा भरली, एक बुडबुडा नाही.
रीड शाबूत. पंप ठणठणीत.
शेवटी इंजेक्टर.
दुसऱ्याच्या जाळीतून चिमट्यानं मी काढली
रबराची एक काळी साल,
नखाच्या कोरीएवढी.

पेट्रोलची नळी गेल्या हिवाळ्यात बाबांनीच बदलली होती.
घट्ट बसत नव्हती, जोर लावून ढकलली होती.
मीच बॅटरी धरून उभी होते.

ते बराच वेळ दिव्याखाली बघत राहिले.
चश्मा काढला, पुसला, परत घातला.
साल तेवढीच राहिली.
"फोटो काढ," म्हणाले. "पाठव त्याला."
खाली काय लिहू?
"काही नको."

रात्री रिंगा सिलिंडरमध्ये सरळ बसवून फटी मोजल्या.
फीलर गेजचं पातं जरा अडतं, मग सरकतं,
तो अडणारा क्षण बोटाला कळावा लागतो.
पिस्टनच्या माथ्यावर बाण असतो, तो एक्झॉस्टकडे.
बाबांनी तो दोनदा विचारला. दोन्हीदा मी हो म्हटलं.
सर्क्लिप मात्र त्यांच्या हातून उडाली,
पत्र्यावर कुठंतरी टिण्ण वाजली.
"तू बसव," म्हणाले,
आणि हात खिशात घातले,
थंडी असल्यासारखे.

हेडचे बोल्ट समोरासमोर, दोन फेऱ्यांत.
टॉर्क रेंच प्रत्येक वेळी टक् करायचा
आणि बाबा मान हलवायचे,
हिशेबाच्या वहीत रक्कम जुळावी तशी.

दोन दिवस उत्तर नाही. समुद्रात रेंज कुठली?
तिसऱ्या रात्री फोन थरथरला:
रिंगची फट किती ठेवलीस?

मी वाचून दाखवलं.
बाबांनी आकडा सांगायला तोंड उघडलं, मिटलं.
"लिही, येऊन मोज म्हणावं."
बाबा, आता तर सगळं बंद केलंय.
"मग येऊन ऐक म्हणावं."

तिसऱ्या ओढीला सुरू झालं.
निळा धूर, जास्तीच्या तेलाचा गोडसर वास.
तीनदा तापवायचं, तीनदा पूर्ण गार होऊ द्यायचं,
बूस्टला इतक्यात हात लावायचा नाही.
बाबा हेडवर तळवा ठेवून उभे होते,
चटका बसेपर्यंत. बसल्यावरही थोडा वेळ.

उडालेली सर्क्लिप सकाळी सापडली
त्यांच्या स्वेटरच्या दुमडलेल्या बाहीत.
रात्रभर तिथंच होती.